लाडू केवढा वळायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी आली की ‘जरा बेतानं खा हं’ असं जो तो सांगतो, आणि सांगता सांगता स्वतः चिवड्याचा बकाणा भरतो. त्याला हसू नये. पुढ्यात भरलेली बशी आहे, समोर वहिनी ‘एक तरी घ्याच’ म्हणून उभ्या आहेत, अशा वेळी हात आखडता घेणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून आज बोलायचंय ते फराळ करणाऱ्यांशी. लाडू केवढा वळला, चकली किती तेल पिऊन बाहेर आली, डबे किती भरले, हे एकदा ठरलं की खाणाऱ्यांच्या हातात फारसं काही उरत नाही.

सुरुवात बेसनाच्या लाडवानं करू. अर्धा किलो बेसन, पाव किलोला थोडं वर तूप, साडेचारशे ग्रॅम पिठीसाखर, हे बहुतेक घरांतलं प्रमाण. त्याचं साधारण 1200 ग्रॅम मिश्रण होतं. तुपाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4. सगळी बेरीज-भागाकार केला तर या मिश्रणाच्या प्रत्येक ग्रॅममागे 5 कॅलरी पडतात. म्हणजे 40 ग्रॅमचा एक लाडू 200 कॅलरींचा, बिनतुपाच्या दोन फुलक्यांएवढा. आता याच परातीतून 40 ग्रॅमचे 30 लाडू होतात आणि 25 ग्रॅमचे 48. घेणारा ‘एक लाडू’ घेतो. तो 25 चा आहे की 60 चा, हे कुणी विचारत नाही. तेव्हा पहिले दोन लाडू काट्यावर तोलून पाहा. 25 ग्रॅम म्हणजे छोट्या लिंबाएवढा. मग हाताला अंदाज येतो आणि बाकीचे न तोलता तेवढेच वळले जातात. काही घरांत लाडवाच्या आकारावरून करणारीचा हात सढळ की चिकट हे ठरवतात, त्यांना 48 लाडवांनी भरलेला डबा दाखवावा.

तूप कमी करायचं असेल तर ते भाजण्यातच करावं लागतं. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर दहा मिनिटं भाजायचं. मग तूप एकदम न ओतता तीन-चार वेळा, थोडं थोडं घालायचं. अर्ध्या किलोला 200 ते 225 ग्रॅममध्ये भागतं. गडबड होते ती मध्यावर. पीठ जड येतं, हात भरून येतो, उलथनं फिरत नाही, म्हणून आणखी दोन डाव तूप जातं. थोडा धीर धरला तर खमंग वास सुटतो आणि तेच पीठ आपोआप सैल होतं. घाईनं ओतलेलं तूप शेवटी सुटून येतं आणि लाडू ताटात बसतात. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच घाला. गरमात घातली तर ती वितळून पुन्हा तोच घोळ. साडेचारशेऐवजी साडेतीनशे ग्रॅम साखर घेऊन वेलदोड्याबरोबर थोडं जायफळ किसलं, तर फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

साखरेचा हिशेबही सांगून टाकू. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये शिफारस केली, की पदार्थात वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरींच्या आहारात याचा अर्थ 50 ग्रॅम, जमल्यास 25. नेहमीच्या 40 ग्रॅमच्या लाडवात 15 ग्रॅम साखर असते. दोन लाडू आणि दोन-दोन चमचे साखरेचा दोनदा चहा झाला, की 50 चा आकडा गाठला, तोही सकाळी नऊच्या आत. ‘आम्ही गुळाचे करतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की गुळातही बहुतांश साखरच असते. चव वेगळी लागते, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

आता चकली. चार वाट्या भाजणीला चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन पुरतं. त्याहून जास्त झालं की चकली तेलात सोडल्यावर विरघळायला लागते, कमी पडलं की कडक होते. पीठ सैल भिजलं किंवा तेल नीट तापलं नाही, की ती तेल पिते. तेल 170 ते 180 अंशांवर हवं. घरात तापमापक नसतो, म्हणून पिठाचा कण टाकून बघायचा. तो खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला की तेल तयार. एका घाण्यात चार-पाचच चकल्या. गॅस वाचवायला दहा सोडल्या तर तेल निवतं आणि वाचवलेल्या गॅसपेक्षा जास्त किमतीचं तेल चकल्या पितात.

खरी मेख मात्र चकली बाहेर काढतानाच्या अर्ध्या मिनिटात आहे. तळणी चालू असते तेव्हा पिठातल्या पाण्याची वाफ बाहेर येत असते, तेच ते बुडबुडे. वाफ बाहेर ढकलत असल्यानं तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. चकली कढईबाहेर आली की आतली वाफ थंड होते, नळीत पोकळी तयार होते आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. चकलीतलं बरंचसं तेल असं बाहेर काढल्यानंतर शिरतं! म्हणून बुडबुडे जवळजवळ थांबल्यावर चकली झाऱ्यावर घ्या, झारा कढईवरच अर्धं मिनिट तिरपा धरा, हलकेच झटका, आणि मग चाळणीत चकल्या उभ्या लावा. पातेल्यात ढीग केला तर खालच्या चकल्या वरच्यांच्या तेलात बसतात आणि वाफेनं मऊही पडतात. खाली वर्तमानपत्र घालू नका, शाई पदार्थाला लागते.

भाजलेल्या, म्हणजे ओव्हनमधल्या करंज्यांचं हल्ली कौतुक आहे. चांगलं आहे, पण ती पारी खुसखुशीत व्हायला मोहन जास्त लागतं आणि सारण तेच असतं. ‘तळलेली नाही’ म्हणून चार खाल्ल्या तर सगळी कमाई तिथेच गेली.

चिवडा हा फराळातला सगळ्यात समजूतदार पदार्थ, अट एकच, पोहे पातळ हवेत आणि ते भाजलेले हवेत. अर्धा किलो पातळ पोह्यांना 80 ते 100 ग्रॅम तेलाची फोडणी पुरते. पोहे मंद आचेवर, हलक्या हातानं, चुरले की कुरकुरीत तुटेपर्यंत भाजायचे. आच मोठी झाली की ते आक्रसतात. मिरच्या आणि कढीपत्ता फोडणीत पार कोरडे झाले पाहिजेत, त्यांत ओल राहिली की तिसऱ्या दिवशी चिवडा सादळतो. गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावलं तरी तेच होतं. मिठाला मात्र जपा. चिवडा, शेव, चकली तिन्ही खारट, शिवाय जेवणात पापड-लोणचं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, ही मर्यादा दिवाळीतही तशीच असते.

आता बशीकडे येऊ. एक लाडू, एक करंजी, एक चकली, मूठभर शंकरपाळी, दोन डाव चिवडा, चिमूटभर शेव. ‘मी फक्त सगळ्यातलं एक-एक चाखलं’ म्हणतात ते हेच. ही बशी 800 कॅलरींच्या आसपास जाते. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात याहून ती जड आहे. गंमत म्हणजे फराळ हा नाश्ता धरलाच जात नाही. अभ्यंगस्नान झालं की सहाला फराळ, नऊला उपमा, बाराला पुरी-श्रीखंड! फराळ हाच त्या दिवशीचा नाश्ता समजा. बशीत रोज दोनच जिन्नस, एक गोड आणि एक तिखट. पाच दिवसांत सगळे पदार्थ फिरून येतात. त्याआधी वाटीभर मोडाची उसळ किंवा ताक घ्या आणि सावकाश खा, कारण पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला कडू लावतात आणि मग पोह्यांचे प्रकार खातात: दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे. तळणीची कढई न चढवता दिवाळीची सकाळ साजरी होते, हे घाटावरच्यांनी एकदा करून पाहावं.

पाहुणे आले तर बशी भरून आणण्याऐवजी फराळाचं ताट मध्ये ठेवा, रिकाम्या बशा द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. आणि भाऊबीजेला सहा घरं करणाऱ्यांनी पहिल्याच घरी सांगावं, ‘ताई, इथे चहा घेतो, लाडू बांधून दे.’ बांधून दिलेल्या लाडवानं यजमानीण रागावत नाही.

मधुमेह असलेल्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. ‘रात्री गोड खायचंय’ म्हणून दुपारचं जेवण टाळू नये. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. आणि ‘शुगरफ्री’ लिहिलेल्या मिठाईत खवा आणि तूप असतंच, तेव्हा तीही मोजूनच खावी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालण्याचा साखर आटोक्यात ठेवायला खरोखर उपयोग होतो. दुसऱ्या दिवशी ‘उपास करून भरून काढतो’ म्हणणाऱ्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते, दाण्याचं कूट आणि तूप घातलेली. त्यापेक्षा साधं वरण-भात आणि पालेभाजी परवडली.

एक गोष्ट गंभीरपणे. जड खाल्ल्यावर छातीत दाटलं की घरोघर ते पित्त ठरतं आणि सोडा-लिंबू पुढे येतं. छातीत दाब, सोबत घाम, दम लागणं, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, यातलं काही असेल तर सोडा करत बसू नका. 108 ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

उरलं तळणीचं तेल. ते गार करून गाळा, दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात नवं तेल ओतून पुन्हा तळू नका. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक साठतात. त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून 25 टक्के ठरवली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळपट, चिकट झालं, फेसाळू लागलं किंवा लवकर धूर सोडू लागलं, की ते बाटलीत भरून टाकून द्या. मोरीत ओतू नका, नळ तुंबतो.

आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवलेल्या डब्याचं झाकण उघडल्यावर खवट वास आला, तर ‘एवढं तूप-तेल वाया कसं घालवायचं’ म्हणून तो चहाबरोबर संपवू नका. चार माणसांच्या घराला अर्धा किलो भाजणीच्या तीस-पस्तीस चकल्या पाच दिवस पुरतात. पुढच्या वर्षी भाजणी दळायला देताना तेवढीच द्या. नमस्कार.