हवेचे वजन आणि पेट्रोलचे माप : एटीव्हीमधील कार्बोरेटर आणि फ्युएल इंजेक्शन

(बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो, या स्पर्धेने वर्षानुवर्षे वापरलेले ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे 305 सीसीचे एकसिलिंडर इंजिन कार्बोरेटरवर, म्हणजे हवेच्याच ओढीने तिच्यात पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर चालते; तुमच्या घरची मोटारसायकल मात्र 1 एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे बीएस-6 या प्रदूषण नियमांतली असेल, तर ती जवळपास नक्कीच इंजेक्शनवर, म्हणजे दाबाखालच्या पेट्रोलच्या मोजून केलेल्या फवाऱ्यावर चालत असणार. त्यामुळे या दोहोंत सरस कोण हा वाद वर्कशॉपमध्ये सतत रंगतो. एटीव्ही, म्हणजे आडरानात चालणारी जाड टायरांची छोटी गाडी, तिच्यापुरता तो सोडवायचा असेल, तर इंजिनात किती हवा शिरली हे त्या यंत्रणेला कळते कसे, एवढे आधी पाहावे लागते.

कार्बोरेटरला ते पुरते कळत नाही. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या दाबाच्या फरकामुळे फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीतले पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या भोकातून, वर ओढले जाते. हा फरक तेवढाच ठेवून हवा विरळ केली, तर आत जाणाऱ्या हवेचे वस्तुमान घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच येत राहते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सिल्व्हर्टन, उरे आणि लेक सिटी या जुन्या खाणगावांच्या परिसरात अल्पाइन लूप नावाचा डोंगरी मार्ग आहे आणि एटीव्ही चालवणाऱ्यांची तिथे मोठी ये-जा असते. या मार्गावरची एंजिनियर पास ही खिंड सुमारे 3,900 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरते. दोन तृतीयांशाचे वर्गमूळ सुमारे 0.82. म्हणजे समुद्रसपाटीला एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा असे प्रमाण जुळवलेला साधा कार्बोरेटर या खिंडीत एका भागाला जेमतेम 12 भाग हवा देतो. मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते, स्पार्क प्लग काळा पडतो, पिकअप मरते. वर जाण्याआधी लहान जेट बसवणे हा त्यावरचा जुना उपाय आहे आणि तो चालतोही. पण तोच जेट ठेवून खाली सपाटीवर गाडी दामटली, तर मिश्रण लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, इंजिन तापते, आणि माझ्या मते हा धोका काळ्या प्लगपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

इंजेक्शनच्या गाडीत मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाची गती यांवरून ईसीयू हा छोटा संगणक प्रत्येक आवर्तनाला हवेच्या वस्तुमानाचा हिशेब मांडतो. मिनिटाला 6,000 फेरे होत असतील, तर चार-स्ट्रोक इंजिनाचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांत संपते. तेवढ्या अवधीत हिशेब होऊन, सुमारे 3 बार दाबाखालचे पेट्रोल सोडणारा इंजेक्टर नेमका किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरते. गाडी खिंडीत असो की पायथ्याशी, जेटला हात लावावा लागत नाही, आणि गारठलेल्या सकाळी चोक ओढून बसावे लागत नाही. 2006 च्या सुमारास सुझुकी, यामाहा यांच्या स्पोर्ट एटीव्हीही इंजेक्शनवर आल्या.

इंजेक्शनविरुद्धचा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. जंगलात कार्बोरेटर अडला, तर एक स्क्रूड्रायव्हर घेऊन वाटी उघडता येते, जेटमध्ये फुंकर मारता येते आणि किकने किंवा दोरीने गाडी सुरू करता येते. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पार उतरली, तर पंप दाब धरत नाही आणि गाडी जागची हलत नाही. मात्र एटीव्ही हे बहुतांशी हंगामी वाहन आहे. शिकार, बर्फ लोटणे, शेतावरची कामे आटोपली की ते महिनोन्महिने शेडमध्ये उभे राहते. वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर राहतो आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेले पायलट जेटचे (मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या जेटचे) भोक बुजते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते, त्याने भर पडते. दुरुस्तीला सोपे म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याची दुरुस्ती करावीही वारंवार लागते.

तुम्हाला नियमानुसार कार्बोरेटरच वापरायचा असेल, तर उंचीची फारशी चिंता करू नका, कारण ही स्पर्धा जिथे होत आली ते मध्य प्रदेशातले पीथमपूर काही हिमालयात नाही. कल आणि पाणी यांची करा. चढावर वाटीतल्या पेट्रोलची पातळी जेटच्या तुलनेत सरकते आणि एका बाजूच्या कलाला इंजिन तहानते, तर दुसऱ्या बाजूच्या कलाला ओव्हरफ्लो होते, म्हणून फ्लोटची उंची मापूनच लावा. वाटीला बाहेरच्या हवेशी जोडणारी व्हेंटची बारीक नळी तर आवर्जून तपासा. तिचे तोंड चिखलाने बुजले किंवा पाण्याखाली गेले, तर वाटीत वातावरणाचा दाब पोहोचत नाही, जेटमधून पेट्रोल चढत नाही, आणि एअर फिल्टर कोरडा ठणठणीत असूनही गाडी ओढ्याच्या मधोमध बंद पडते. ही नळी इंजिनाच्या वर, चेसिसच्या उंच पाइपापर्यंत नेऊन, तोंड खाली वळवून बांधा. इंजेक्शनच्या गाडीला ही नळी नसते, पण तिथे टाकीत पेट्रोल तळाशी गेले असताना तीव्र चढ घेतला, तर पंप हवा ओढतो. शिवाय पंपाला थंड ठेवणारे पेट्रोलच असते, म्हणून डोंगरावर निघताना टाकी निम्म्याहून खाली येऊ देऊ नये.