भंगारातून घडणारा दिवा

पुण्यातल्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. जमिनीवर मांडलेल्या पान्यांच्या, बेअरिंगांच्या आणि पितळी नळांच्या ढिगांतून आपला कारागीर दिव्यासाठी दुचाकीच्या डिस्क ब्रेकची एक झिजलेली, भोकाभोकांची तबकडी निवडतो. लाकडासाठी मात्र जुने वाडे उतरवणाऱ्या ठेकेदाराकडेच जावे लागते. वाड्याच्या तुळईचे सागवान वर्षानुवर्षे छताखाली पुरते वाळलेले असल्याने ते सहसा वाकत वा तडकत नाही.

तुळईच्या तुकड्यावरून प्रथम लोहचुंबक फिरवले जाते, कारण आत रुतलेला एखादा घडीव खिळा रंध्याचे पाते क्षणात बोथट करतो. खिळ्याभोवती लोखंडामुळे उमटलेला काळा डाग काही जण घासून काढतात. तो राहू द्यावा, असे आमचे मत आहे.

उभ्या दांड्यासाठी जीआय पाइप घेतला, तर सांध्याजवळचा जस्ताचा मुलामा आधी काढावा लागतो. तो तसाच वेल्डिंगला घेतल्यास पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी अंगात कणकण भरते.

भंगाराचे दिवे म्हटले की नट-बोल्टांचे हातपाय असलेली माणसेच बहुधा समोर येतात. पहिल्यांदा ती गंमतीची वाटतात, दहाव्यांदा नाही. इथे आकार ठरवतो तो प्रकाश. कारागीर पेटत्या बल्बसमोर तबकडी धरून पुढेमागे सरकवतो: ती बल्बजवळ असताना भिंतीवरचे ठिपके मोठे आणि पुसट दिसतात, भिंतीकडे नेली की लहान आणि रेखीव होतात. दुधी काचेऐवजी पारदर्शक काचेचा फिलामेंट एलईडी लावला, तर कडा आणखी स्पष्ट येतात. शिवाय असा दिवा जुन्या बल्बइतका तापत नसल्याने होल्डर लाकडाच्या जवळ बसवता येतो.

वायर पाइपमधून ओवताना कापलेल्या कडेवर रबरी बुश बसवला नाही, तर तिचे आवरण हळूहळू कापले जाते. अंग धातूचे असल्याने तीन तारांचीच वायर हवी, आणि अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या धातूवर स्क्रूने घट्ट आवळायला हवी.

तबकडी एका बाजूला झुकलेली असल्याने दिवा कलंडू पाहतो. सागवानाचे वजन पुरले नाही, तर बैठक खालून कोरून त्या पोकळीत निकामी बेअरिंगे भरतात.