जुन्या जीपचा कुठला भाग कधीचा?

(जळगावातल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

जुनी जीप घ्यायला आलेला माणूस आधी आरसी बुक मागतो, मग इंजिन नंबर बघतो, मग मडगार्डवर टकटक करून "पत्रा जाड आहे" म्हणतो. मी आधी तेरा नंबरचा पाना मागतो.

कारण सांगतो. लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विलीज किंवा फोर्ड जीप ही इंची मापाची गाडी. तिच्या अंगावर जागोजागी अडीच सुताचे, म्हणजे पाच-सोळांश इंचाचे बोल्ट आहेत. त्यांच्या डोक्याला चार सुताचा पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा, म्हणजे १३ मिलिमीटरचा पाना त्यावर बसतो खरा, पण जरासा हलतो आणि ते हाताला कळतं. तोच पाना घट्ट बसला तर तो बोल्ट ८ मिलिमीटरचा, मेट्रिक. आपल्याकडे मेट्रिक मापाचा कायदा १९५६ चा. म्हणजे १९४४ च्या जीपवर घट्ट बसणारा तेरा नंबर हा नंतर कुणीतरी केलेल्या कामाचा पुरावा झाला.

एवढ्यावर थांबू नका, तो बोल्ट काढून बघा. पाच-सोळांशच्या बारीक आट्याला इंचात २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत साधारण १.०६ मिलिमीटर अंतर. मेट्रिक बोल्टला ते १.२५. जाडी जवळजवळ सारखी असल्यामुळे मेट्रिक बोल्ट इंची भोकात दोन-तीन फेरे गोड जातो आणि मग अडतो. तिथे घाईतला मिस्त्री काय करतो, तुम्हाला माहीत आहे. पान्याला पाइप लावतो आणि दाबून बसवतो. भोकात टॉर्च मारली की आतले जुने आटे अर्धे कापलेले, अर्धे शाबूत दिसतात. बोल्ट उद्या बदलता येईल, पण भोकावरची ती खूण जात नाही. म्हणून मी चकचकीत भागांपेक्षा भोकांवर जास्त भरवसा ठेवतो.

आता मुख्य गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तिच्यावर टांगता येईल. एखादा भाग बदललेला आहे हे सिद्ध करायला एक खूण पुरते. तो ओरिजिनल आहे हे सिद्ध करायला एक खूण कधीच पुरत नाही. जुन्या अँबेसिडर-फियाटवाल्यांना हे लवकर पटतं. लुकास या इंग्लिश कंपनीच्या डायनामोवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. समजा '५ ६२' दिसलं, तर मे १९६२. गाडी १९६० ची असेल तर विषय संपला, डायनामो नंतरचा. गाडी १९६२ च्या शेवटाची असेल तर तो पहिल्यापासूनचा असू शकतो. किंवा त्याच वर्षीच्या दुसऱ्या गाडीचा, भंगारातून काढून बसवलेलाही असू शकतो. तारीख फक्त 'नाही' ठामपणे म्हणते. 'हो' म्हणायला शेजारचा ब्रॅकेट, त्यावरचा रंग, वायरिंगची लांबी, बोल्टखालचा वॉशर, सगळ्यांनी एकच साक्ष द्यावी लागते.

जीपकडे परत येतो. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त गाड्या झाल्या. दोन्ही एकाच नकाशावर बनलेल्या, भाग एकमेकींना बसतील अशाच. पण फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी 'एफ' उठवला. त्यामुळे "एफ सापडला, म्हणजे फोर्ड" असं म्हणणारे हौशी लोक खूप भेटतात. मला ते पटत नाही. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाडी दुरुस्तीला गेली की हाताला येईल तो भाग लागायचा. विलीजवर फोर्डचा हब, फोर्डवर विलीजचं इंजिन, हे लढाई चालू असतानाच झालंय. आणि आता तर 'एफ' उठवलेले नवेकोरे बोल्ट विकत मिळतात.

मग ओळखायचं कसं? खाली वाका. रेडिएटरच्या खाली चॅसीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा आडवा दांडा बघा. विलीजला तो गोल पाइपचा असतो, फोर्डला उलट्या नालीसारखा घडवलेला. हा दांडा बाजारातून आणून सहज बदलावा असा भाग नाही, म्हणून त्याची साक्ष मोठी. नंबराचंही तसंच. विलीजचा चॅसी नंबर डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला, मागे-पुढे चांदणीसह. यातून निघणारा अर्थ गिऱ्हाईकाच्या लक्षात येत नाही. विलीजची पट्टी पडू शकते, दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते. पट्टी आहे म्हणजे चॅसी तीच, असं नाही. रिव्हेट बघा. आजच्या पॉप रिव्हेटला मधोमध भोक असतं, तो चार हातांवरून ओळखू येतो.

इंजिन ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत होते. उठून आलेले आकडे ओतीव असतात, साच्यातच आलेले. ते कुठल्या नमुन्याचा ब्लॉक आहे एवढंच सांगतात, असे हजारो ब्लॉक निघाले. आत खोल गेलेले आकडे ठोकलेले असतात, ते त्या एका इंजिनाचे. ते ऑइल फिल्टरजवळच्या सपाट जागेवर शोधा. आकडे वाकडे आहेत म्हणून खोटे, असं घाईने म्हणू नका. कारखान्यातही हाताने ठोकायचे, ओळ चुकायची. आकड्यांपेक्षा त्यांच्या खालची जागा बघा. कारखान्यात ती जागा मशीनने तासलेली असते, बारीक समांतर रेषा दिसतात. ग्राइंडर फिरवला की गोल ओरखडे येतात किंवा जागा आरशासारखी गुळगुळीत होते. आणि तसं दिसलं तर सौदा तिथेच सोडून चहा पिऊन घरी या. पुढचा त्रास गाडीचा नसतो, कोर्टकचेरीचा असतो.

खान्देशात फिरणाऱ्या जीपांत लढाईतल्या जीपा थोड्या. अमळनेर-पारोळ्याकडचा विकणारा छातीवर हात ठेवून सांगेल, "भाऊ, डिस्पोजलनी शे, एकदम ओरिजिनल!" म्हणजे लष्कराने विकून टाकलेली. तुम्ही समोरची जाळी मोजा. लढाईतल्या जीपच्या दाबीव जाळीला नऊ फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. लढाईतल्या जीपला मागे उघडणारं फळकं नाही, पेट्रोलचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि स्टिअरिंग डावीकडे. हेडलाइट आत बसवलेले, बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. इंजिन साइड व्हॉल्व्हचं, २.२ लिटर, साठ हॉर्सपॉवरचं. वीज सहा व्होल्टची.

महिंद्राने १९४७ मध्ये विलीजच्या जीपा आपल्याकडे जोडायला घेतल्या आणि पुढे जी सीजे-थ्रीबी घरोघरी माहीत झाली, ती आपली 'हाय बोनेट'. १९५३ च्या या मॉडेलचं बोनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन उंच. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह बाजूचे काढून वर हेडमध्ये नेले, त्यामुळे डोकं वाढलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिलं. म्हणून 'हाय बोनेट म्हणजे साठ सालची' हा समज काढून टाका.

आणि मग आपल्या भागातला खरा घोळ, डिझेल. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत, जामनेर-बोदवडला कापसाच्या पोत्यांखाली, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या चढावर वडाप करत ज्या जीपा जगल्या, त्या पेट्रोल पीत राहिल्या असत्या तर मालक उपाशी मेला असता. डिझेल इंजिन बसवलं म्हणूनच कित्येक जीपा भंगारात गेल्या नाहीत. अशा गाडीत मूळ माउंटिंगचे ब्रॅकेट कापलेले सापडतात, रेडिएटर पुढे सरकवलेला, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधल्या पत्र्याला, हातोडीने खोलगट केलेलं, कमानीत जादा पाटे, आणि बॅटरीचा ट्रे रुंद केलेला. मूळ ब्रॅकेट गॅसने कापले असतील तर कड ओबडधोबड असते, तिथे जुन्या वेल्डिंगची रेघ उरते. त्या रेघेवरून मूळ ब्रॅकेट नेमका कुठे होता ते मापता येतं. ती रेघ ग्राइंडरने साफ करणारा कारागीर माझ्या गॅरेजमध्ये टिकत नाही.

पत्र्याबद्दल थोडं. आपली हवा कोरडी, मे महिन्यात भुसावळला रबर वितळेल असं ऊन. खान्देशात रबर, रंग, सीट आधी जातात. पत्रा कोकणातल्यासारखा सडत नाही. त्यामुळे इथे जन्म काढलेल्या गाडीचा फ्लोअर पूर्ण नवा दिसला की मी दोनच गोष्टी विचारतो. गाडी समुद्राकडून आली का? आणि हिच्यातून खताच्या गोण्या वाहिल्या का? खत सांडून ओल लागली की पत्र्याची चाळण होते. चॅसीच्या पोटात साचलेली काळी माती हे तिसरं कारण, ती पाणी धरून बसते.

कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे. गॅस वेल्डिंगची ओळ सलग, लाटालाटांची. रंगाखाली काय आहे ते कळत नसेल तर कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, जाड भरली असेल तिथे ते धरत नाही. आणि रंगासाठी एका आडोशाच्या जागी, डॅशच्या मागे किंवा टूलबॉक्सच्या आत, रुपयाएवढी जागा पाण्याच्या बारीक पॉलिशपेपरने हळूहळू घासा. थरांची वर्तुळं उघडतात. एका जीपवर मला वरून लाल, मग पांढरा, मग निळा, मग करडा प्रायमर आणि सगळ्यात खाली लष्करी हिरवा सापडला. पण तिच्याच डाव्या मडगार्डवर हिरवा नव्हताच, थेट निळ्यापासून सुरुवात. म्हणजे मडगार्ड निळ्या रंगाच्या काळात बदलला. कागद नसले तरी रंगाने काळ सांगितला.

काचेचं लवकर आटपतो. कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएस २५५३, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय मानकाचा नंबर, लिहिलं असेल तर ती काच लढाईतली नाही. टायर, बेल्ट, होजपाइप यांच्यावर वेळ घालवू नका, ते झिजायलाच असतात. वायरिंग मात्र बघा, कापडी वेष्टणाची जुनी वायर एखाद्या कोपऱ्यात उरलेली असते आणि तिचा रस्ता खरा असतो.

आता माझं मत, न पटणारे बसलेत ते मला दिसतंय. बदललेला भाग काढून फेकणं हे सगळ्यात मोठं नुकसान. आपल्या एखाद्या टर्नरने लेथवर पितळेचा बुश काढून चाळीस वर्षं चालवला असेल, तर तो परदेशी नव्या नकलेपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. फिलिपिन्सहून अख्ख्या नव्या बॉड्या मिळतात, त्या सुंदर आहेत. पण तशी बॉडी घालून '१९४३ ची जीप' म्हणून मिरवायचं असेल तर निदान आत कुठेतरी तारीख ठोका. मी प्रत्येक नव्या भागावर न दिसणाऱ्या जागी वर्ष ठोकतो, आणि काढलेला भाग मालकाला चिठ्ठी बांधून परत देतो.

सरकारी बाजूही ऐका. जुलै २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आणि ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

मागून एका दादांनी चिठ्ठी पाठवलीय: "वडिलांनी १९७१ ला घेतलेली हाय बोनेट आहे, त्यांनीच डिझेल इंजिन बसवलं. काढून पेट्रोल बसवू का?" दादा, आधी आरसी बुकात इंधन काय लिहिलंय आणि इंजिन नंबर कुठला चढवलाय ते बघा. मूळ पेट्रोल इंजिन, नंबरासकट, गोठ्यात किंवा शेतातल्या मोटारीच्या खोलीत पडलेलं असेल तर शोधा. खान्देशात ते बरेचदा सापडतं, विहिरीवर पंपाला जुंपलेलं असतं. ते सापडलं, आणि माउंटिंगची जुनी रेघ चॅसीवर शाबूत असली, तर बसवा. आरटीओत इंजिन बदलाची नोंद करून घ्या. नाही सापडलं तर दुसऱ्या कुणाच्या गाडीचं पेट्रोल इंजिन आणून व्हिंटेजच्या नंबरासाठी धावू नका. वडिलांचं डिझेल तसंच ठेवा, फक्त ते कधी, कुठल्या गॅरेजात बसवलं ते आईला किंवा काकांना विचारून आजच वहीत लिहून काढा.