ट्रॅक्टर बंद पडायच्या आधी

(खरिपाच्या तोंडावर मारुतीच्या सभामंडपात शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप. बोलता बोलता दाखवता यावं म्हणून पाराजवळ एक ट्रॅक्टर आणून उभा केला होता.)

मंडळी, राम राम.

मला फोन येतो तेव्हा पलीकडून एकच वाक्य असतं, "मिस्त्री, ट्रॅक्टर चालू होईना." मी विचारतो, "बंद कसा पडला?" तर म्हणतात, "पडला म्हणजे पडला." इथंच घोटाळा होतो. काल संध्याकाळी नीट बंद करून लावला आणि सकाळी सेल्फ मारला तर उठेना, ही एक तऱ्हा. नांगर ओढता ओढता दम सोडत गेला, दोन आचके दिले, बंद पडला आणि मग उठेना, ही दुसरी. पहिल्या तऱ्हेत मी आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थची पट्टी बघतो. दुसऱ्या तऱ्हेत सेल्फ जोमात फिरत असेल तर बॅटरीला हातही लावत नाही. आपल्या जुन्या पद्धतीच्या पंपाचं इंजिन एकदा चालू झालं की त्याला बॅटरी लागत नाही, मग शेताच्या मधोमध दम जायला बॅटरी कारण कशी होईल? आज मी या दुसऱ्या तऱ्हेबद्दलच बोलणार आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, त्यावरच हे सगळं चालतं. हवा दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्श्याला आणली की ती 500 अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की भडका होतो. जर्मनीतल्या ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली हे इंजिन नीट चालवून दाखवलं. पुढे 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं. हसू नका, आजचा तेलाचा भाव तेव्हा नव्हता.

म्हणजे इंजिनाला हवा लागते, दाब लागतो आणि वेळेवर डिझेल लागतं. यातला दाब एका दुपारीत जात नाही. तो दाब धरून ठेवणाऱ्या रिंगा आणि लायनर झिजायला वर्षं लागतात, आणि तो ट्रॅक्टर महिनोन् महिने निळा धूर काढून, ऑइल खाऊन सांगत असतो. पाणी उकळून हेडचं गॅस्केट गेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण काल दोन फाळी नांगर ओढणारा ट्रॅक्टर आज अचानक बसला आणि कुणी लगेच इंजिन उतरवायची भाषा करू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तुमचा ट्रॅक्टर उपाशी आहे. हवेचा उपाशी आहे की डिझेलचा, एवढंच शोधायचंय.

ते धूर सांगतो. लोड आल्यावर दम जातोय आणि चिमणीतून काळा भपकारा निघतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा पुरत नाही. एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथ, म्हणजे हवेतली धूळ ऑइलात पकडणारा असेल तर खालच्या वाटीतलं ऑइल बोट बुडवून बघा. उन्हाळी मशागतीत, रोटाव्हेटरच्या धुळीत, त्याचा दोन-चार दिवसांत चिखल होतो. ऑइल खुणेपर्यंतच भरा, जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. आणि दम गेला पण धूर काळा होत नाही, उलट चिमणी गप्प होत चालली, तर उपासमार डिझेलची आहे. बंद पडल्यावर सेल्फ मारताना कुणाला तरी चिमणीकडे बघायला लावा. अजिबात धूर नाही म्हणजे फवारा मारणाऱ्या नॉझलपर्यंत डिझेल येतच नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे येतंय, पण पेटत नाही.

त्याआधी एक लाजिरवाणी गोष्ट तपासा. इंजिन बंद करायची, स्टॉपची दांडी ओढलेली तर नाही ना? कधी ती आत ढकलली तरी केबल गंजून पंपावरचा लिव्हर बंदवरच अडकलेला असतो. त्यासाठी मी तीस किलोमीटर मोटारसायकल मारत गेलोय. पैसे घ्यायलाही जीवावर येतं. (हशा)

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सकाळी झक्क चालू व्हायचा. वीस-पंचवीस मिनिटं नांगरला की दम सोडायचा, मग बंद. सेल्फ मारून मारून उठायचा नाही. माणूस वैतागून लिंबाखाली बसायचा, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की चालू! पुन्हा वीस मिनिटं. त्यांनी दोन्ही फिल्टर बदलले. कुणीतरी पंप काढून तालुक्याला पाठवायला लावला, पंप बेंचवर लावून तपासला, नॉझल बदलले. हजारो रुपये गेले आणि ट्रॅक्टर होता तसाच.

मी गेलो तेव्हा तो नुकताच बंद पडला होता. टाकीचं टोपण फिरवलं तर फुस्स असा आवाज झाला. टाकी बाहेरची हवा आत ओढत होती. टोपणाखाली प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी घडी घालून बसवलेली. मागच्या पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी गेलं होतं म्हणून त्यांच्या मुलानं केलेली हुशारी. टाकीतलं डिझेल कमी होईल तेवढी हवा आत यायला टोपणाला बारीक छिद्र असतं, तेच पिशवीनं बुजलं होतं. आत ओढ निर्माण होते, फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही. लिंबाखाली बसलं की हळूहळू कुठून तरी हवा झिरपते, पुन्हा चालू. पिशवी काढली, छिद्रात तार घातली, दिवसभर नांगर चालला. म्हणून म्हणतो, तपासायला टाकीच्या टोपणापासून सुरुवात करा आणि डिझेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं चाला. टाकी, कॉक, नळी, डिझेल खेचणारा फीड पंप, फिल्टर, मग डिझेल दाबणारा मोठा पंप, शेवटी नॉझल. आपल्याकडे उलटं चालतं. सगळ्यात महागडी वस्तू आधी खोलतात.

आता इकडं या, जवळ या. ही फिल्टरखालची पाणी काढायची चकली सैल करून हे डिझेल काचेच्या बाटलीत घेतलंय. मघाशी गढूळ होतं, आता बघा, तळाला बोटभर पाणी वेगळं झालंय. डिझेल हलकं, पाणी जड, त्यामुळे ते खाली बसतं. हे बॅरलमधून येतं, आणि अर्धी टाकी रात्रभर मोकळी ठेवली की थंडीत आतल्या पत्र्यावर दंव धरूनही येतं. संध्याकाळी टाकी भरून लावा.

पाणी काढलं की नळीत हवा शिरते, म्हणजे एअर धरते. पंप डिझेल दाबतो ते नॉझल उघडण्यासाठी. मागच्या टायरात तुम्ही 12-14 पौंड हवा भरता, नॉझल उघडायला साधारण 3,000 पौंड लागतात. डिझेल दाबलं की ते पुढं सरकतं, हवा दाबली की ती नुसती आकसते. एवढासा बुडबुडा पंपाचा सगळा जोर गिळून टाकतो.

हा फिल्टरवरचा एअर स्क्रू, दीड आटा सैल करतो. बाळा, तू फीड पंपाची दांडी मार. काय म्हणतोस, दांडी मोकळीच फिरतेय? पंप खराब नाही रे. ती दांडी हलवणारा आतला उंचवटा, म्हणजे कॅम, वर येऊन थांबलाय, म्हणून दांडीला मार मिळत नाही. सेल्फ जरासा टिचकवा. आता मार. बघा, आधी फेस, मग बुडबुडे, आणि आता अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग पुढचा स्क्रू, मग पंपावरचा. शेवटी नॉझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून, रेस पूर्ण ठेवून सेल्फ मारायचा. तिथं चिंधी धरा, बोट नको. नट सैल असला तरी ती चिळकांडी डोळ्यात जाते. आणि इंजिन चालू असताना बारीक गळती हातानं कधीच चाचपू नका, फवारा कातडीत घुसतो आणि हातच जातो.

एक सांगायचं राहिलं. 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 चा, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नियम लागला, त्यांत बहुतेक कॉमन रेल असतं, म्हणजे सगळ्या नॉझलांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल जातं. त्याच्या नळ्यांत दाब हजार बारच्या, म्हणजे साधारण साडेचौदा हजार पौंडांच्या पुढं जातो. त्या नळ्या घरी खोलायच्या नाहीत, फिल्टरमधलं पाणी काढण्यापुरतंच थांबायचं.

सेल्फही दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मिनिटभर थांबा. डिझेलचं दुखणं राहतं बाजूला आणि बॅटरी झोपते. मग कुणीतरी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतो. डिझेलच येत नसेल तर बोळा काय करणार?

(एका आजोबांनी विचारलं, "ट्रॅक्टर चढाला तोंड करून लावला की सकाळी उठत नाही, सपाटीला लावला की उठतो. असं का?")

आबा, फार नेमकं सांगितलंत. चढाला लावला की टाकी पडते खाली आणि पंप राहतो वर. तुमच्या नळीत किंवा जोडात कुठंतरी केसाएवढी भेग असणार. गळत नाही म्हणून दिसत नाही. रात्री तिथून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. जोडाला तांब्याचे वॉशर असतील ते पुन्हा पुन्हा आवळून चपटे झाले असतील, ते नवे टाका. तरी राहिलं तर टाकी ते फीड पंप हा तुकडा चार दिवस पारदर्शक नळीचा लावा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी बघा, बुडबुडा कुठून सुरू होतो ते दिसेल. ट्रॅक्टर आत्ता कुठं आहे? वेशीबाहेर? मग चहा झाला की तिकडंच जाऊ, माझ्याकडे नळी आहे.