तू बस, आम्ही करतो

तिळगूळ घ्या, गोड बोला मंडळी.

मघाशी आत तिळगुळाच्या वाट्या भरणं चाललं होतं, तेव्हा एक जेमतेम तीन वर्षांचा मुलगा टेबलापाशी आला, त्याला वाट्या मांडायच्या होत्या, आणि आपल्यातल्या तिघीचौघी एकदमच म्हणाल्या, "अरे सांडशील, जा बाहेर खेळ." प्रेमानेच म्हणाल्या. पण मला चर्र झालं, कारण डिसेंबरात पुण्याला गेले होते तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरी ह्याच वाक्यावरून भांडण झालं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

डिसेंबरातलं पुणं म्हणजे मटार, हे तुम्हाला काय सांगायचं. मंडईतून पिशवी आली, पेपर पसरला, आई सोलायला बसली, मी बसले, आणि भाची, वय वर्षं अडीच, स्वतःची ताटली घेऊन आमच्या मध्ये येऊन बसली. म्हणाली, "मला काम दे." एकेक शेंग फोडायची, जीभ बाहेर काढून, दोन्ही अंगठे लावून, मग दाणे टरफलांत, टरफलं दाण्यांत, दोन दाणे सोफ्याखाली, पण उठायचं नाव नाही. वहिनीचा घरूनच ऑफिसचा कॉल होता, तिने येऊन पसारा बघितला आणि भावाला म्हणाली हिला आत घे, त्याने उचललं आणि मोबाईलवर कार्टून लावून दिलं. पोरगी आधी किंचाळली, मग गप्प झाली. आई म्हणाली, "अरे ती काम मागत होती, खेळ नव्हती मागत." त्यावर वहिनी म्हणाली, "आई, नंतर आवरायचं मलाच असतं ना." दोघींचंही खरं. जेवणं होईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

२००६ मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो ह्या दोन संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो, हात पोचत नाही. किंवा दोन्ही हातांत सामान घेऊन बंद कपाटापाशी अडकतो. कोणी मदत मागत नाही, बक्षीस नाही, तरी बहुतेक मुलं उठून चिमटा उचलून देतात, कपाट उघडतात. दीड वर्षाची मुलं, नीट बोलता पण येत नाही! दोन वर्षांनी त्यांनी अजून एक गोष्ट तपासली. मदत केल्यावर ज्या मुलांना वस्तू बक्षीस दिली, ती मुलं पुढे कमी मदत करायला लागली. ज्यांना काहीच दिलं नाही किंवा नुसतं तोंडाने कौतुक केलं त्यांची मदत तशीच चालू राहिली. म्हणजे ही इच्छा आपण शिकवत नाही, ती आधीच असते, आणि ती मोडायला आपण पुरेसे आहोत.

हे आपल्याकडे कोणाला कळलंच नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ, दोघींनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाड्यांचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार, तर पानं, बिया, शिंपले, जे आसपास मिळेल त्यातून साधनं केली. मुलाच्या हाताला खरं काम पाहिजे हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि आपण काय करतो, खोटा प्लॅस्टिकचा किचन सेट विकत आणतो आणि खऱ्या ओट्यापासून मुलाला हाकलतो.

मला भाचीकडून शिकायचंय ते हे की तिने बसायच्या आधी मला जमेल का असं विचारलं नाही. चालायला शिकणारं मूल तासाला सरासरी १७ वेळा पडतं, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलंय, आणि तरी त्याच तासात २ हजारांच्या वर पावलं टाकतं. पडणं हा त्याच्यासाठी प्रश्नच नसतो. आपल्या मंडळात नवीन आलेलं जोडपं मात्र दोन-दोन वर्षं मागच्या खुर्च्यांवर बसून राहतं, कारण इथे सगळं इतकं चोख चालतं की आपण हात लावला तर बिघडेल असं त्यांना वाटतं. ते विचारायला येतात तेव्हा आपण म्हणतो, "तुम्ही बसा हो, आम्ही करतो." रांगोळीवाल्या ठरलेल्या, माईकवाले ठरलेले, पुरणपोळ्या तर विचारूच नका. मग वर्षाच्या मीटिंगला आपणच बोलतो की कामाला माणसं मिळत नाहीत, पुढची पिढी येत नाही. रागावू नका, पण त्या पिढीला तीन वर्षांची असताना आपणच शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसवलं होतं.

तेव्हा पाडव्याला एक करूया. लहान मुलांची वेगळी खोली नको, गाठी मांडायला, पाणी द्यायला, चपला लावायला त्यांना घेऊ. अर्धा तास उशीर होईल, सांडेल, होऊ दे. आणि शेवटी स्टेजवर बोलावून ट्रॉफ्या पण नकोत.

पण लहानांचं मला सोपं वाटतं, अडतंय ते मोठ्यांचं. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्या दिवशी पुण्यातच त्याला हाक मारली की बाबा रे, दोन शेंगा सोल आजीबरोबर, तर त्याने फोनमधून मान वर न करता विचारलं, "किती वेळ लागेल?" तो पण कधीतरी ताटली घेऊन मध्ये येऊन बसायचा. तिसऱ्या वर्षी थांबलेलं तेराव्या वर्षी परत सुरू करता येतं का, मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे जमलं असेल तर जेवताना मला गाठा आणि सांगा, मी डाव्या बाजूच्या टेबलावर आहे.