गज खाली, गज वर

(मिरज, सतारमेकर गल्ली. सकाळचं ऊन. कारागिराच्या बोटांत घोडी, अगदी जवळून.)

मेपलच्या लाकडाचा हा एवढासा तुकडा म्हणजे व्हायोलिनची घोडी. हिला ना डिंक, ना खिळा. चार तारांच्या दाबावर ती उभी असते. दोन्ही पाय एफच्या आकाराच्या भोकांच्या आतल्या खाचांच्या ओळीत हवेत आणि शेपटाकडची बाजू पाटीशी काटकोनात. रोज खुंट्या पिळताना तारा तिचं डोकं गळ्याकडे ओढत राहतात. कुणी लक्ष दिलं नाही तर घोडी झुकते, तिला बाक येतो आणि एक दिवस ती फाडकन आडवी होते. दाब गेला की पोटातली काडीही निसटते. ही काडी म्हणजे साउंड पोस्ट. बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, वरच्या आणि खालच्या पाटीमध्ये ती नुसती अडकवलेली असते. बसवायची तर भोकातून वाकडी सळई आत घालून, जवळजवळ अंदाजानं.

(काडी आत पडल्याचा आवाज. कारागीर व्हायोलिन उलटं करून हलवतो.)

पुन्हा पडली.

ही गल्ली तंबोऱ्यांची आणि सतारींची. 2024 मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. आज पाटावर व्हायोलिन आहे, कारण संध्याकाळी सांगलीत मुलांच्या वाद्यवृंदाची तालीम आहे.

(सांगली, शाळेचा हॉल. रिकाम्या खुर्च्या, नोटेशनची पानं ठेवायचे घडीचे स्टँड. अधूनमधून जुनी छायाचित्रं.)

खुर्च्या मांडून होईपर्यंत एका माणसाबद्दल. मेहली मेहता, जन्म 1908, मुंबई. वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील, एवढ्या ओळखीवर लोक थांबतात. आम्ही थांबणार नाही, कारण मुलाच्या आधी वडिलांनी जे केलं तेच आज या हॉलमध्ये चाललंय. हे व्हायोलिनवादक. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात गोव्याचे वादक होते, हौशी पारशी होते, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडची मंडळी होती. 1940 मध्ये चौघांचा बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढला. आणि 1945 मध्ये, घरी बायको आणि दोन लहान मुलं असताना, हा माणूस विद्यार्थी म्हणून न्यूयॉर्कला गेला. गुरू इव्हान गलामियन, इराणमधल्या तबरीझचे. उजव्या हाताचे, म्हणजे गजाचे (तारांवर फिरवायच्या केसांच्या काठीचे), फार मोठे शिक्षक.

उजवा हात लक्षात ठेवा.

(मुलं येतात. पेट्या उघडतात. सूर लावण्याचा गोंगाट.)

आपल्याकडे व्हायोलिन सा-प-सा-प असं लावतात आणि सा गायकाच्या पट्टीप्रमाणे हलतो. इथे जी, डी, ए, ई. शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचंच अंतर. ए सगळ्यांचा एक, सेकंदाला 440 कंपनांचा. घरी गायकाच्या पट्टीत लावलेलं व्हायोलिन इथे आणून बदललं की तार लगेच बसत नाही, दहा मिनिटांत उतरते. म्हणून सूर दोनदा लावतात: आल्या आल्या आणि दहा मिनिटं वाजवून झाल्यावर. दुसऱ्यांदा लावायचा कंटाळा केला की पुढची सगळी तालीम बेसूर.

"सर, खुंटी थांबतच नाहीये."

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खुंटी सटकते. तिला खडू लावून, पिळताना आत दाबायची. पावसाळ्यात उलट. फुगून अशी बसते की जोर लावला तर मुंडी तुटते.

(वरून घेतलेलं दृश्य: अर्धवर्तुळात दहा स्टँड.)

व्हायोलिनांचे तीन गट: पहिली आठ, दुसरी सहा, तिसरी चार. चेलो, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं तारवाद्य, एक, तोही शनिवारपुरता. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ, तो तर नाहीच, म्हणून त्याची ओळ तिसऱ्या व्हायोलिनांना लिहून दिली आहे. खालचे काही सूर व्हायोलिनवर नसतातच, ते एक सप्तक वर घेतलेत. जमवाजमव आहे, पण चालते. एका स्टँडवर दोघं. श्रोत्यांकडे बसलेला थांबत नाही, आतला पान उलटतो. एवढी साधी गोष्ट, पण ती बसायला महिना जातो. आपल्याकडे व्हायोलिन शिकवतात ते एकेकट्याला, नाहीतर गाण्याच्या साथीला. शेजाऱ्याचा गज कुठे चाललाय हे पाहायची वेळच येत नाही. ही वेळ आणायलाच हा वर्ग आहे.

(पेन्सिल. नोटेशनच्या पानावर खुणा, अगदी जवळून.)

बिनदाराच्या चौकटीसारखी खूण: गज खाली, म्हणजे मुठीकडून टोकाकडे. व्ही सारखी खूण: गज वर. वजन मुठीकडे असतं, म्हणून खाली येणारा गज आपोआप ठाशीव लागतो आणि समेवर शक्यतो तोच ठेवतात. या खुणा आधी पहिल्या स्टँडवर ठरतात, मग मागच्या प्रत्येक पानावर उतरतात. पेननं कधीच नाही. तालमीत त्या चारदा बदलतात.

आज मोझार्टची 1787 ची रचना आहे, 'आइने क्लाइने नाख्टम्युझिक', फक्त तारवाद्यांसाठीची. जी ला सा धरलं तर सुरुवात अशी: सा, खालचा प, सा, खालचा प, सा, खालचा प, सा, ग, वरचा प. सूर तीनच. हार्मोनियम शिकणारं पोर पाच मिनिटांत काढेल. गज मोजा: खाली, वर, खाली, वर... नववा सूर पुन्हा खाली. मग एक मात्रा विराम, आणि दहावा सूर, तोही खालीच हवा. म्हणजे त्या एका मात्रेत गज उचलून मूठ परत तारेवर आणायची.

(अठरा गज. सोळा उचलले जातात. दोन राहतात.)

शेवटच्या स्टँडकडे बघा. गज टोकालाच राहिला, दहावा सूर वर गेला, आणि पोकळ लागला. डोळ्यांना खटकतं हे सोडा, ठोसाच गेला. आणखी एक चूक सगळेच करतात. पहिल्या चार मात्रांतले अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे विराम खाऊन टाकतात. म्हणून सध्या मिनिटाला 80 मात्रा. घाई पुढच्या महिन्यात.

(पोडियम. सरांचा उजवा हात.)

सर स्वतः व्हायोलिनचेच. हातात आता बॅटन, बर्चची काडी, बुचाची मूठ, लांबी फूटभराच्या थोडी वर. गज साठ ग्रॅमचा असतो. ही त्याच्यापुढे काहीच नाही, आणि तीच अडचण आहे. व्हायोलिनवाल्याचा हात आडवा, लांब, न तुटता चालायला शिकलेला असतो. बॅटनला नेमका बिंदू लागतो, ठोका कुठे पडला ते दिसावं लागतं. हात गजासारखा फिरला की बिंदू पुसला जातो आणि मागचे स्टँड उशिरा येतात. दुसरी खोड म्हणजे ऐकून मग हात हलवणं. टाळी-खाली देणारा हात चाललेला ताल दाखवतो, त्याचं काम तेवढंच. इथला हात ताल घडायच्या आधी चालावा लागतो. समेच्या आधीची एक मात्रा हवेत दाखवायची, आणि त्या एका मात्रेत लय, जोर, श्वास तिन्ही द्यायचं. तिसरी खोड म्हणजे कान पहिल्या व्हायोलिनांकडेच. चेलो बिचारा एकटा, पण पाया त्याचाच.

फायदा मात्र एकच आणि मोठा. 'इथे गज कमी वापरा, टोकाकडे वाजवा' हे सर स्वतः वाजवून दाखवू शकतात. कोरडं 'हळू वाजवा' म्हटल्यावर मुलं आवाजाबरोबर लयही पाडतात.

(पुन्हा छायाचित्रं. हॉलमधला सराव मागे ऐकू येत राहतो.)

मेहता परत आले, पुन्हा मुंबईचा वाद्यवृंद चालवला. पन्नासच्या दशकाच्या मध्यात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात दाखल झाले. समोर जॉन बार्बिरोली, ते मूळचे चेलोवादक. म्हणजे स्वतः वाद्यवृंद काढून चालवलेला माणूस पुन्हा व्हायोलिनांच्या रांगेत, दुसऱ्याच्या ठोक्यावर. 1959 मध्ये अमेरिका, फिलाडेल्फियाचा कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट. 1964 मध्ये लॉस एंजेलिस. तिथे विद्यापीठाचा वाद्यवृंद हाती घेतला आणि तरुणांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी काढली. वय 56. ज्या कामासाठी ते तिकडे ओळखले गेले ते इथून सुरू झालं आणि 1998 पर्यंत चाललं. इकडे 1958 मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी, तेही व्हायोलिनवादकच, मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले. मेहता 2002 मध्ये वारले. यूथ सिम्फनी 2024 मध्ये बंद झाली.

(हॉल. बॅटन वर जातं. इथे निवेदन नाही. नऊ सूर, विराम, दहावा सूर. शेवटचा स्टँड चौकटीत ठेवा.)

(मुलं वाद्यं पुसतात.)

तारांखाली साचलेली राळेची पूड कोरड्या फडक्यानं पुसायची. राहिली तर पॉलिशला चिकटून बसते. मग गजाचा स्क्रू सैल, केस लोंबेपर्यंत. ताणलेला गज पेटीत ठेवला तर काठीचा बाक जातो, आणि तो पुन्हा आणणं सोपं नाही.

(पेट्या बंद. शेवटी दिवा.)