शाळा कुठल्या संस्थेची?

[दृश्य: न्यू ऑर्लिन्स, नॉर्थ गॅल्व्हेझ स्ट्रीट. सकाळ. विटांची जुनी इमारत.]

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेलं न्यू ऑर्लिन्स. त्यातली नाइन्थ वॉर्ड ही वस्ती, आणि ही विल्यम फ्रान्झ शाळा.

१४ नोव्हेंबर १९६० च्या सकाळी सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, रूबी ब्रिजेस, या शाळेच्या पायऱ्या चढली. तोवर इथे फक्त गोरी मुलं शिकायची. रूबीच्या मागेपुढे सरकारी मार्शल होते आणि फाटकाबाहेर शिव्या देणारी गर्दी. तिच्या शेजारी आपलं मूल बसवायला कुणी तयार झालं नाही. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री बाईंनी वर्षभर रिकाम्या वर्गात एकट्या रूबीला शिकवलं.

[दृश्य: शाळेच्या आवारातला पुतळा, छोट्या मुलीचा, हातात वह्या.]

आज आवारात रूबीचा पुतळा आहे. इमारत तीच आहे, पण आत भरते ती अकीली अकॅडमी. ती चालवते क्रेसेंट सिटी स्कूल्स नावाची संस्था. शहरातल्या तीन शाळा या संस्थेकडे आहेत.

आपल्याकडे कुणी शाळेवर लागलं, की पहिला प्रश्न येतो, "संस्था कुठली?" कर्मवीरांच्या रयतेपासून तालुक्यातल्या दोन शाळांच्या मंडळापर्यंत, संस्था हा शब्द आपल्या हाडात मुरलेला आहे. अमेरिकेत मात्र सार्वजनिक शाळेबद्दल हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. शाळा असायची निवडून आलेल्या स्थानिक मंडळाची. गाऱ्हाणं असेल तर मंडळाच्या बैठकीत उभं राहायचं आणि बोलायचं.

१९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा कायदा केला आणि तिथून हे बदलायला लागलं. चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारचा, मुलांना फी नाही, पण शाळा चालवायची सनद एका वेगळ्या मंडळाला, ठरावीक वर्षांसाठी. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती शिक्षकांनी मिळून चालवलेली, नवे प्रयोग करणारी एखादी छोटी शाळा. एकाच कार्यालयातून चाललेल्या शंभर शाळा त्यांना अभिप्रेत नव्हत्या.

[दृश्य: ह्यूस्टन. वर्गात टाळ्यांच्या ठेक्यावर पाढे म्हणणारी मुलं.]

त्या शंभर शाळा कशा झाल्या, ते बघायला ह्यूस्टनला जावं लागतं. १९९४ मध्ये माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेव्हिन या दोन नवख्या शिक्षकांनी तिथे पाचवीचा एक वर्ग सुरू केला. वर्ग कसा बांधायचा हे त्यांना शिकवलं हॅरिएट बॉल या अनुभवी बाईंनी. बॉल बाई मुलांकडून पाढे गाऊन घ्यायच्या, ठेका धरून, टाळ्या वाजवून. त्यांच्याच एका गाण्यातल्या शब्दांवरून उपक्रमाला नाव मिळालं, 'नॉलेज इज पॉवर प्रोग्राम', थोडक्यात 'किप'. ज्यांच्या वर्गात हे सगळं उगवलं, त्या बाईंचं नाव या गोष्टीत सगळ्यात आधी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२००० मध्ये 'गॅप' या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक डोरिस आणि डॉन फिशर यांनी मोठी देणगी दिली, आणि किपने गावोगावी मुख्याध्यापक तयार करायला घेतले. आज किपच्या अडीचशेहून जास्त शाळा आहेत.

अशी संस्था नेमकं करते काय? शिक्षक निवडते, पगार काढते, पुस्तकं ठरवते, बस आणि जेवणाचे ठेके देते, दर काही आठवड्यांनी चाचण्या घेऊन कोणतं मूल कुठे अडलं ते बघते. त्याबदल्यात प्रत्येक शाळेच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा तिच्याकडे जातो. आपल्या अनुदानित शाळेत शासन मंजूर पदाचा पगार थेट शिक्षकाच्या खात्यात टाकतं. तिथे पैसा मुलामागे चालतो. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की त्याच्यामागचा पैसाही गेला. म्हणून पटसंख्या ही मुख्याध्यापकाची रोजची काळजी.

[दृश्य: ऑगस्ट २००५. पाण्यात बुडालेले रस्ते, छतांपर्यंत पाणी.]

२९ ऑगस्ट २००५. कतरिना वादळ आलं, बांध फुटले, शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. फ्रान्झ शाळाही बंद पडली. हजारो कुटुंबं ह्यूस्टनला पोहोचली. किपच्या शिक्षकांनी त्याच शरद ऋतूत त्या मुलांसाठी तिथे एक शाळा उघडली. नाव ठेवलं 'न्यू ऑर्लिन्स वेस्ट'. घर गेलं, गल्ली गेली, निदान शाळेच्या नावात तरी गाव राहिलं.

इकडे न्यू ऑर्लिन्समध्ये नोव्हेंबरात कायदा बदलला आणि शहरातल्या शंभराहून जास्त शाळा राज्याने ताब्यात घेतल्या. मग त्या एकेक करून संस्थांना सोपवल्या. स्थानिक मंडळाने सात हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यांत चार हजारांवर शिक्षक होते, बहुतेक कृष्णवर्णीय. ज्या बाईंनी आईला शिकवलं, त्याच मुलीलाही शिकवत होत्या, अशी घरं त्या वस्त्यांमध्ये पुष्कळ होती. शिक्षक कोर्टात गेले. २०१४ मध्ये लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला.

[दृश्य: पहाटेचा अंधार. कोपऱ्यावर पिवळ्या बसची वाट बघणारी दोन मुलं.]

शेजारची शाळा ही गोष्टच संपली. २०१२ पासून पालकांनी एकच अर्ज भरायचा, पसंतीक्रम लावायचा आणि संगणक जागा देणार. आरटीईच्या सोडतीचा मेसेज यायची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. दोन भावंडं दोन टोकांच्या शाळांत, आणि पहाटे अंधारात बसथांबा.

आणि तरीही शिक्षण सुधारलं, हे मान्य करावंच लागेल. टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं आकडे तपासले. परीक्षेतले गुण वाढले, हायस्कूल पूर्ण करणारी मुलं वाढली, कॉलेजात जाणारी वाढली. देशभरातही, २०२३ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, संस्थांच्या साखळीतल्या चार्टर शाळांमधली मुलं सुट्या चार्टर शाळांमधल्या मुलांपेक्षा पुढे दिसली. ज्या आईने आपल्या घराण्यातलं पहिलं मूल कॉलेजात जाताना पाहिलं, तिच्यापुढे या बदलाला नुसतं वाईट म्हणणं मला जमणार नाही.

पण त्याच आईला बसबद्दल तक्रार करायची असते. ती शाळेत जाते, शाळा संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवते, कार्यालय बसच्या ठेकेदाराकडे. निवडून आलेलं मंडळ आहे, पण रोजचा कारभार त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे सनद. ठरावीक वर्षांनी निकाल बघायचे आणि सनद वाढवायची किंवा काढून घ्यायची. काढून घेतली की इमारत राहते, बाकी सगळं बदलतं. नाव, गणवेश, बाई.

मुंबई, पुणे, नागपुरात महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशन महापालिकांबरोबर करार करून चालवतं. तिथे मूल शिकत असेल, तर करार किती वर्षांचा आणि तो संपल्यावर पुढे काय, हे पालकांनी आजच विचारून ठेवावं.

[दृश्य: ऑगस्ट २०२४. नव्या पाटीखाली पहिल्या दिवशीची रांग.]

जुलै २०१८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या शाळा राज्याकडून पुन्हा स्थानिक मंडळाकडे आल्या, तरी चालवत राहिल्या संस्थाच. मग एका शाळेची सनद संपली, आणि मंडळाने ठरवलं की या मुलांसाठी नवी संस्था शोधायची नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लिआ चेस शाळा उघडली. नाव शहराच्या लाडक्या स्वयंपाकीण बाईंचं, ज्यांच्या खानावळीत नागरी हक्कांच्या लढ्यातली माणसं जेवायला बसायची. इथले शिक्षक थेट स्थानिक मंडळाच्या नोकरीत. बसबद्दल काही म्हणायचं असेल, तर मंडळाच्या बैठकीत जाऊन आपल्या निवडून दिलेल्या माणसाला थेट विचारता येतं.

[दृश्य: फाटक उघडतं. मुलं आत जातात.]